सोसायटीच्या तरणतलावातील पाण्याखालचे दिवे: थेट 230 व्होल्ट चालतील का?

कोलशेतकर | 14 ऑक्टोबर, 21:40

नमस्कार. आमची सोसायटी ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या अलीकडे, कोलशेत भागात आहे. तरणतलाव बारा वर्षांचा असून त्यात पाण्याखाली 12 व्होल्टचे सहा हॅलोजन दिवे आहेत. त्यांपैकी तीन बंद पडले आहेत. यंदा मी कमिटीत नवा आलो आणि नव्या माणसाच्या गळ्यात जे पडते ते माझ्याही पडले.

आमच्याकडे दोन कोटेशन आली आहेत. पहिल्यात 12 व्होल्टचे एलईडी दिवे, त्यांचे ट्रान्सफॉर्मर आणि सगळी केबल नवी, असा प्रस्ताव आहे. दुसऱ्यात थेट 230 व्होल्टवर चालणारे दिवे आहेत आणि खर्च जवळपास निम्मा आहे. दुसऱ्या ठेकेदाराचे म्हणणे असे की दिव्यावर आयपी68 असा जलरोधकतेचा शिक्का आहे, पॅनेलमध्ये 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे, मग ट्रान्सफॉर्मरवर पैसे घालवण्यात अर्थ नाही. शिवाय 12 व्होल्टवर पंप रूमपासून लांब असलेले दिवे मिणमिणते जळतात. हे शेवटचे मात्र खरे आहे, आमचे टोकाचे दोन दिवे पहिल्यापासून पिवळट जळतात.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण तिचा याच्याशी संबंध असेल असे मला वाटते. गेल्या आठवड्यात संध्याकाळी सातच्या सुमारास एका सभासद ताईंनी पाण्यातून बाहेर येताना स्टीलच्या शिडीचा दांडा धरला, तेव्हा त्यांच्या हाताला कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. जीवरक्षकाने लगेच दांड्याला हात लावून पाहिला. त्याला काहीच जाणवले नाही. कमिटीच्या सभेत हा विषय निघाला आणि "संबंधित सभासदास भास झाला असावा" असे इतिवृत्तात नोंदवून मिटवला गेला.

रविवारी पुन्हा सभा आहे. 230 व्होल्टचे दिवे लावावेत की नाहीत, हे मला तिथे कारणांसह सांगता आले पाहिजे.

खाडीपलीकडचा | 14 ऑक्टोबर, 22:05

बरे झाले, शीर्षकात तरणतलाव लिहिलेत. "पुलाचे दिवे" लिहिले असतेत तर निम्मे ठाणेकर कोपरीच्या पुलाची तक्रार घेऊन इथे आले असते.

जुना मेगर | 14 ऑक्टोबर, 22:31

कोलशेतकर, कोटेशनचे नंतर पाहू. ज्या तलावात एका व्यक्तीला झिणझिण्या आल्या आहेत तो तलाव आज रात्रीच बंद करा, फाटकाला कुलूप लावा, पंप रूममधील मुख्य स्विच बंद करा आणि "चालू करू नये" अशी पाटी त्यावर टांगा. उद्या सकाळी पोहायला येणारे रागावतील, त्यांना रागावू द्या.

जीवरक्षकाला काही जाणवले नाही यावरून काहीही सिद्ध होत नाही. तो कोरड्या फरशीवर, बहुधा रबरी चपला घालून उभा होता. ताई छातीपर्यंत पाण्यात होत्या. शॉक बसण्यासाठी शरीराच्या दोन भागांमध्ये व्होल्टेजचा फरक पडावा लागतो, आणि ताईंच्या बाबतीत एक टोक पाण्यात होते तर दुसरे दांड्यावर. जीवरक्षकाचे पाण्याचे टोकच जोडलेले नव्हते. त्यामुळे तो भास नव्हता, ते मोजमाप होते. फक्त मीटरऐवजी माणूस वापरला गेला.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. या विषयाचे आंतरराष्ट्रीय मानक आयईसी 60364 या मालिकेतील भाग 7-702 हे आहे आणि ते तलावाचे तीन पट्टे पाडते. तलावाच्या आतला भाग हा शून्य पट्टा. काठापासून 2 मीटरपर्यंत आणि जमिनीपासून अडीच मीटर उंचीपर्यंत पहिला पट्टा. त्यापुढचा दीड मीटर हा दुसरा पट्टा. माणसे जिथे पोहतात अशा शून्य पट्ट्यात केवळ सुरक्षित अतिकमी व्होल्टेज चालते, म्हणजे एसी असल्यास जास्तीत जास्त 12 व्होल्ट आणि डीसी असल्यास 30 व्होल्ट. ते पुरवणारा ट्रान्सफॉर्मर तिन्ही पट्ट्यांच्या बाहेर असावा. दुसऱ्या पट्ट्यात ठेवायचाच असेल तर त्याच्या पुरवठ्यावर 30 मिलिअँपिअरचे संरक्षण हवे. आपल्याकडचे वायरिंगचे मानक आयएस 732, म्हणजे त्याची 2019 ची आवृत्ती, याच मालिकेच्या वळणाने गेलेली आहे. तेव्हा दुसरे कोटेशन स्वस्त की महाग हा प्रश्नच उद्भवत नाही.

हिशेबनीस खारघर | 14 ऑक्टोबर, 23:10

मेगर काका, मानक मान्य आहे, पण एक शंका आहे. 230 व्होल्टचे पाण्याखालचे दिवे बाजारात राजरोस मिळतात. मुंबईत लोहार चाळीच्या विजेच्या सामानाच्या बाजारात मी स्वतः पाहिले आहेत, खोक्यावर पाण्यात बुडालेल्या दिव्याचे चित्रही असते. मग ते विकले तरी कशासाठी जातात?

जुना मेगर | 15 ऑक्टोबर, 07:15

शंका रास्त आहे. ते दिवे मुख्यतः कारंज्यांसाठी असतात. ज्या कारंज्यात माणसाने उतरणे अपेक्षित नाही, तिथे तेच मानक 30 मिलिअँपिअरच्या संरक्षणासह जास्त व्होल्टेज चालवून घेते. दुकानदार खोका विकतो. तो कारंज्यात जाणार की मुलांच्या तलावात, हे त्याला विचारायचे नसते.

आयपी68 बद्दलही एक खुलासा करतो. त्यातला 8 हा आकडा पाणी आत न शिरण्याबद्दल आहे. 7 म्हणजे एक मीटर खोलीत अर्धा तास. 8 म्हणजे त्याहून कडक अशा, निर्मात्याने स्वतः जाहीर केलेल्या खोलीत आणि मुदतीत. तो आकडा विजेच्या सुरक्षिततेची हमी देत नाही. रबराची रिंग क्लोरीनच्या पाण्यात कडक होते, काचेला तडा जातो, दिवा बदलणारा माणूस स्क्रू तिरके आवळतो, आणि मग त्या शिक्क्याला काही अर्थ उरत नाही. 12 व्होल्टमागचा विचारच असा आहे की पाणी कधीतरी आत शिरेल हे धरून चालावे.

प्रकाशवर्ष | 15 ऑक्टोबर, 08:50

मी वाशीत भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून आरसीसीबीच्या मुद्द्यावर थोडे लिहितो. "30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे, म्हणजे 30 मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह शरीरातून जाणारच नाही" असा जवळपास सर्वांचा समज असतो, आणि तो चुकीचा आहे. आरसीसीबी प्रवाह अडवत नाही, तो प्रवाहाचा वेळ कमी करतो. भिजलेल्या, पाण्यात बुडालेल्या शरीराचा रोध पाचशे ओहमच्या आसपास धरला तर 230 व्होल्टला जवळपास 460 मिलिअँपिअर प्रवाह होतो. आरसीसीबी तुटेपर्यंत तेवढा प्रवाह वाहतोच. चांगला आरसीसीबी एवढ्या प्रवाहाला 40 मिलिसेकंदांत तुटतो आणि जमिनीवर माणूस बहुधा वाचतो. पण नेमक्या 30 मिलिअँपिअरला त्याला 300 मिलिसेकंदांपर्यंत मुभा असते, आणि गळती 20 मिलिअँपिअर असेल तर तो तुटेलच असे नाही.

पाण्यात ते 20 मिलिअँपिअरही पुरेसे असतात. बर्कलीचे प्राध्यापक चार्ल्स डाल्झिएल यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून, हातातली तार माणूस स्वतःहून कोणत्या प्रवाहापर्यंत सोडू शकतो हे मोजले होते. पुरुषांची सरासरी सुमारे 16 मिलिअँपिअर आली आणि स्त्रियांची 10.5. त्यापुढे स्नायू माणसाचे ऐकत नाहीत. जमिनीवर याचा अर्थ हात चिकटून बसणे असा होतो. पाण्यात याचा अर्थ हातपाय न चालणे, म्हणजे बुडणे असा होतो. हृदयाला काहीही न होता पट्टीचा पोहणारा चार फूट पाण्यात बुडू शकतो, आणि बघणाऱ्याला वाटते की तो डुबकी मारून मजा करतो आहे.

जर्सीकर | 15 ऑक्टोबर, 09:30

इथे अमेरिकेत घरांच्या तलावांत अजूनही 120 व्होल्टचे पाण्याखालचे दिवे सापडतात, तेव्हा "जगात कुठेच चालत नाही" असे सभेत सांगू नका, कोणीतरी मोबाइल काढून दाखवील. मात्र त्यासोबत हेही सांगा की इथला गळतीरक्षक 30 नव्हे तर 4 ते 6 मिलिअँपिअरला तुटतो. त्याचा शोध वर उल्लेखलेल्या डाल्झिएल यांनीच 1961 मध्ये लावला आणि इथल्या विद्युत संहितेने 1968 मध्ये तो सर्वांत आधी सक्तीचा केला तो तलावातील दिव्यांसाठी. स्वयंपाकघराची पाळी पुष्कळ नंतर आली.

साधा विचार | 15 ऑक्टोबर, 10:05

एवढा खटाटोप करण्यापेक्षा पाण्याखालचे दिवे कायमचे काढून टाकावेत. काठापासून चार-पाच मीटरवर खांब उभारून प्रखर दिवे लावले की काम झाले. पाण्यात वीजच नको.

सीवूड्सची सई | 15 ऑक्टोबर, 11:20

साधा विचार, तुमचा मुद्दा ऐकायला सोपा आहे, पण मी तो मान्य करणार नाही. माझी दोन्ही मुले संध्याकाळी पोहतात आणि मी काठावर बसलेली असते. केवळ वरून प्रकाश असेल तर पाण्याच्या पृष्ठभागावर झळाळी येते आणि तळ दिसेनासा होतो. आमच्या तलावात मागच्या वर्षी महिनाभर खालचे दिवे बंद होते, तेव्हा जीवरक्षक दर पाच मिनिटांनी जागा बदलून तळ पाहत होता. पाण्याखालचा दिवा शोभेसाठी असतो असे पुष्कळांना वाटते. खरे तर तळाशी कोणी निपचित पडले आहे का, हे दिसण्यासाठी तो लागतो. संध्याकाळी तलाव चालू ठेवायचा असेल तर दिवे हवेत आणि ते नीट हवेत. नाहीतर सूर्यास्ताला तलाव बंद करावा. मधला मार्ग मला दिसत नाही.

खाडीपलीकडचा | 15 ऑक्टोबर, 11:34

आमच्याकडे पाच-पाच मिनिटांनी रंग बदलणारे दिवे बसवले आहेत. निळ्यात तळ दिसतो, जांभळ्यात दिसत नाही. बुडणाऱ्याने रंग पाहून बुडावे अशी कमिटीची अपेक्षा असावी.

तारतंत्री रबाळे | 15 ऑक्टोबर, 20:45

मी परवानाधारक ठेकेदाराकडे पंचवीस वर्षे काम करतो, तलावांची कामे बरीच केली आहेत. कोलशेतकर साहेब, मला काही विचारायचे आहे. झिणझिण्या संध्याकाळी सातला आल्या, म्हणजे दिवे चालू असणार, पण त्या वेळी गाळणीचा पंप चालू होता का? पॅनेलमधला आरसीसीबी शेवटचा कधी तुटला होता, आणि त्याचे टेस्टचे बटण कोणी कधी दाबले आहे का? हे आधी पाहा. सगळे दिव्यामागे लागले आहेत. माझ्या अनुभवात दोषी निघणारा भिडू बरेचदा पंप रूममध्ये बसलेला असतो.

12 व्होल्टवर दिवे मिणमिणते का जळतात तेही सांगतो. तुमचे जुने हॅलोजन 300 वॅटचे असतील, तर 12 व्होल्टवर एक दिवा 25 अँपिअर ओढतो. 4 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलने 20 मीटर अंतर गेलात तर जाऊन-येऊन 40 मीटर तार होते आणि साडेचार व्होल्ट वाटेतच खर्च होतात. दिव्याला उरतात साडेसात. मग तो पिवळा जळणार नाही तर काय होणार? यावर पूर्वीचे लोक काय करीत, तर ट्रान्सफॉर्मर उचलून तलावाच्या काठालगतच्या चेंबरमध्ये ठेवीत, म्हणजे नेमका जिथे ठेवू नये तिथे. 18 वॅटचा एलईडी मात्र दीड अँपिअरच घेतो, त्याच केबलवर जेमतेम पाव व्होल्टच्या आसपास खर्च होतो असे समजा. त्यामुळे एलईडी आल्यापासून "12 व्होल्टवर उजेड पडत नाही" हे कारण संपलेले आहे. तुमचा दुसरा ठेकेदार हॅलोजनच्या काळातली तक्रार एलईडीच्या कोटेशनला चिकटवतो आहे.

कोलशेतकर | 15 ऑक्टोबर, 22:50

सर्वांचे आभार. तलाव काल रात्रीच बंद केला. अपेक्षेप्रमाणे व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर माझा उद्धार चालू आहे.

तारतंत्री, तुमच्या प्रश्नामुळे आज पंप रूममध्ये गेलो. पंप संध्याकाळी सहा ते आठ चालतो, म्हणजे त्या वेळी चालू होता. आरसीसीबीचे विचारल्यावर देखभाल करणारा मुलगा आधी गप्प राहिला आणि मग म्हणाला की जुलैत तो सारखा पडत होता, म्हणून "डायरेक्ट केला". पॅनेलचे झाकण उघडून पाहिले. आरसीसीबी जागेवर आहे, त्याचा खटकाही वर आहे, पण येणाऱ्या आणि जाणाऱ्या टोकांना काळ्या तारेचे आखूड तुकडे जोडून त्याला वळसा घातलेला आहे. टेस्टचे बटण दाबले तर तो "टक" करून पडतो आणि पंप तसाच चालू राहतो.

प्रकाशवर्ष | 15 ऑक्टोबर, 23:02

म्हणजे जुलैपासून तो यंत्राच्या भाषेत "गळती आहे" असे सांगत होता आणि आपण त्याचे तोंड बंद केले.

तारतंत्री रबाळे | 16 ऑक्टोबर, 07:40

हेच होते, साहेब. पावसाळ्यात आरसीसीबी पडू लागला की सभासद म्हणतात पंप चालू करा, सुपरवायझर म्हणतो आत्ताच्या आत्ता चालू करा, आणि इलेक्ट्रिशियनकडे मेगर (इन्सुलेशन तपासायचे मीटर) नसतो. तारेचे तुकडे मात्र खिशात असतात. मी या मुलाची बाजू घेत नाही, पण त्याला दोष शोधायला अर्धा दिवस आणि शोधण्याचे पैसे कोणी देत नाही, हेही लिहून ठेवतो.

तुमच्या भागात खाडी जवळ असल्याने हवा खारी, त्यात पंप रूममध्ये क्लोरीनची वाफ. तांब्याच्या टोकांवर हिरवट थर चढतो, अर्थिंगचा लग (तारेच्या टोकाची धातूची कडी) कुजतो. बाहेरून सगळे जोडलेले दिसते. हाताने हलवले की हातात येते.

हिशेबनीस खारघर | 16 ऑक्टोबर, 09:15

एक उपप्रश्न विचारतो. आमच्या सोसायटीत 12 व्होल्टचेच दिवे आहेत आणि ट्रान्सफॉर्मरच्या आधी आरसीसीबीही आहे. म्हणजे आम्ही निश्चिंत राहायला हरकत नाही ना?

जुना मेगर | 16 ऑक्टोबर, 10:40

हिशेबनीस, ते ट्रान्सफॉर्मरच्या जातीवर अवलंबून आहे. 230 चे 12 करणारी पेटी तीन प्रकारची असू शकते. पहिली म्हणजे खरा सुरक्षा-विलगक ट्रान्सफॉर्मर, आयईसी 61558-2-6 प्रमाणे बनवलेला, ज्याची दोन्ही वेटोळी एकमेकांपासून दुहेरी किंवा प्रबलित इन्सुलेशनने वेगळी असतात. दुसरी म्हणजे ऑटो-ट्रान्सफॉर्मर, ज्यात वेटोळे एकच असते. मीटर 12 व्होल्ट दाखवतो, पण फेज-न्यूट्रल उलटे जोडले गेले तर पाण्यातली तार जमिनीच्या तुलनेत 230 च्या आसपास असू शकते. तलावासाठी ही पेटी विषासमान आहे. तिसरी म्हणजे स्वस्त इलेक्ट्रॉनिक ड्रायव्हर, ज्याचे विलगीकरण कागदावर असते आणि आत काय आहे हे उघडल्यावर कळते. आपल्या पेटीवर मानकाचा क्रमांक छापलेला आहे का ते पाहा, आणि दिव्यावर टोकावर उभ्या केलेल्या चौकोनात रोमन तीनचे चिन्ह आहे का तेही पाहा. ते चिन्ह तिसऱ्या वर्गाचे, म्हणजे अतिकमी व्होल्टेजवरच चालवायच्या उपकरणाचे असते.

आणखी एक बारकावा पुष्कळ जाणत्यांच्याही लक्षात येत नाही. विलगक ट्रान्सफॉर्मरच्या आधी बसवलेला आरसीसीबी 12 व्होल्टच्या बाजूची गळती पाहूच शकत नाही, कारण ती बाजू त्याच्यापासून तोडलेली असते. तो कामाला येतो ते दोन वेटोळ्यांमधले इन्सुलेशन फाटले तर. म्हणून 12 व्होल्टच्या बाजूची केबल वर्षातून एकदा स्वतंत्रपणे तपासावी लागते. त्या बाजूला 250 व्होल्टचा मेगर लावावा आणि निदान अर्धा मेगओहम यावा. 230 च्या बाजूला 500 व्होल्टचा लावावा आणि निदान एक मेगओहम यावा. त्याचप्रमाणे 12 व्होल्टचे कोणतेही टोक "सुरक्षिततेसाठी" अर्थ करू नये. ते जमिनीपासून तुटलेले असणे हीच त्याची सुरक्षितता आहे.

सीवूड्सची सई | 16 ऑक्टोबर, 12:00

मला यातून एक व्यावहारिक भीती वाटते. समजा एखाद्याला पाण्यात शॉक बसलाच, तर जीवरक्षक काय करील? आमचा तर पहिल्यांदा उडी मारील. काठावर जो लांब दांडा ठेवलेला असतो तो पाने काढण्याच्या जाळीचा आहे आणि तो अ‍ॅल्युमिनियमचा आहे.

जुना मेगर | 16 ऑक्टोबर, 12:35

सई ताई, जीवरक्षकाने उडी मारली तर दोघे बुडतील. आधी मुख्य स्विच बंद करायचा, आणि तो कुठे आहे हे जीवरक्षकाला डोळे मिटून ठाऊक हवे. पंप रूमची किल्ली सुरक्षारक्षकाच्या खिशात असणे चालत नाही. वीज तुटेपर्यंत कोणी पाण्यात उतरायचे नाही आणि शिडीला हात लावायचा नाही. इतर पोहणाऱ्यांनी शिडीपासून दूर राहायचे. ओढून घ्यायला फायबर ग्लासचा दांडा हवा किंवा दोरी बांधलेले फेकायचे कडे. बाहेर काढल्यावर श्वास नसेल तर तिथेच छातीवर दाब आणि कृत्रिम श्वास सुरू करायचा आणि दुसऱ्याने 108 लावायचा. अ‍ॅल्युमिनियमचा दांडा पाने काढायला ठेवा, पण जीवरक्षकाच्या खुर्चीला टेकवून ठेवू नका, कारण घाईत माणूस हाताला येईल ते उचलतो.

साधा विचार | 16 ऑक्टोबर, 13:10

दिवे काढण्याचा माझा आग्रह मी मागे घेतो, सई यांचा तळ दिसण्याचा मुद्दा पटला. परंतु मग 31 डिसेंबरच्या पार्टीचेही बोला. आमच्या सोसायटीत काठापासून हातभर अंतरावर डीजेची पेटी आणि तिला तीन एक्स्टेन्शन बोर्ड जोडलेले असतात. त्यातला एक मी मागच्या वर्षी ओल्या टॉवेलखाली सापडलेला पाहिला.

तारतंत्री रबाळे | 16 ऑक्टोबर, 13:48

त्या बोर्डापुढे तलावातला दिवा साधुसंत आहे. काठापासून साडेतीन मीटर (पहिला आणि दुसरा पट्टा मिळून) हा आकडा डेकोरेटरच्या वर्क ऑर्डरमध्येच लिहून द्या, म्हणजे वाद राहत नाही.

कोलशेतकर | 27 ऑक्टोबर, 19:20

उशिराबद्दल क्षमस्व. तपासणी झाली. परवानाधारक ठेकेदाराचे अभियंते आले होते आणि मी पूर्ण वेळ त्यांच्याबरोबर होतो. काय झाले ते क्रमाने लिहितो.

तलावात कोणीही नसताना त्यांनी काठावरून तांब्याची एक पट्टी तारेला बांधून पाण्यात सोडली, मीटरचे एक टोक तिला आणि दुसरे शिडीच्या दांड्याला लावले. दिवे चालू, पंप बंद: शून्याच्या जवळ. दिवे बंद, पंप चालू: 9 ते 11 व्होल्ट. पंप बंद केल्याबरोबर आकडा खाली. दिवे निर्दोष सुटले, तारतंत्रींचा अंदाज अचूक ठरला.

पंपाच्या मोटारीचे इन्सुलेशन 0.02 मेगओहम निघाले. मोटारीच्या अर्थिंगची हिरवी तार ग्लँडपर्यंत, म्हणजे तार मोटारीत शिरते त्या तोंडापर्यंत, व्यवस्थित दिसत होती. अभियंत्यांनी ती दोन बोटांनी ओढली आणि ती लगासकट हातात आली. पंप बिडाचा आहे आणि पंप रूम तलावाच्या भिंतीला चिकटून आहे, त्यामुळे गळती पाइपमधल्या पाण्यातून तलावात येत होती, आणि शिडीचे पाय काँक्रीटमध्ये असल्याने शिडी जमिनीच्या व्होल्टेजवर होती. पंपाचे अर्थिंग शाबूत असते आणि आरसीसीबीला वळसा घातलेला नसता, तर हे कदाचित आधीच लक्षात आले असते.

दिव्यांच्या बाबतीतही एक गोष्ट सापडली. बंद पडलेल्या तीन दिव्यांपैकी एकाच्या केबलला, दिवा बसतो त्या भिंतीतल्या खाचेच्या आतच जोड दिलेला होता आणि त्यावर काळी टेप गुंडाळलेली होती. टेप उलगडली तर आतली तार हिरव्या लगद्यासारखी झालेली होती.

प्रकाशवर्ष | 27 ऑक्टोबर, 20:10

सुंदर वृत्तान्त. पण सभेत एखादा चाणाक्ष सभासद विचारील की 9 व्होल्टला झिणझिण्या येतात, मग 12 व्होल्टचे दिवे सुरक्षित कसे? उत्तर तयार ठेवा.

जुना मेगर | 27 ऑक्टोबर, 21:25

उत्तर असे द्या. विलगक ट्रान्सफॉर्मरचे 12 व्होल्ट हे त्याच्या दोन टोकांमधले असतात. जमिनीशी त्यांचे नाते नसते, त्यामुळे एका टोकातून गळती झाली तरी पाण्यातून शिडीकडे जायला वाट बंद होत नाही, आणि दोन्ही टोके उघडी पडली तरी त्यांच्यातला फरक 12 च्या वर जाऊ शकत नाही. पंपाचे 9 व्होल्ट मात्र 230 व्होल्टचा वाटेत उरलेला अवशेष होता. आज 9 होते. मोटारीत आणखी पाणी शिरले असते किंवा पाण्यात क्षार वाढले असते तर उद्या किती झाले असते याला 230 खेरीज वरची मर्यादा नव्हती.

शिडी, कठड्याचे दांडे, पंपाचा सांगाडा आणि काँक्रीटमधल्या सळया तांब्याच्या तारेने एकमेकांना जोडून घ्या. जे जे हाताला लागते ते सगळे एकाच व्होल्टेजवर असले की फरक पडायला जागा राहत नाही. दिव्यांच्या कामासाठी फरशी उकलाल तेव्हाच हेही काम करा. खाचेतला जोड मात्र दुरुस्त करू नका, केबल टाकून द्या. दिव्याची स्वतःची केबल पाण्याच्या पातळीच्या वरच्या जंक्शन बॉक्सपर्यंत अखंड गेली पाहिजे आणि खाचेत तिची गुंडाळी राहिली पाहिजे, म्हणजे दिवा काठावर उचलून बदलता येतो.

हिशेबनीस खारघर | 27 ऑक्टोबर, 21:50

ही गुंडाळीची माहिती आम्हाला तीन वर्षांपूर्वी हवी होती. एक दिवा बदलायला आम्ही अख्खा तलाव उपसला आणि टँकरने पुन्हा भरला.

खाडीपलीकडचा | 27 ऑक्टोबर, 22:04

टँकरवाल्याला मात्र ती माहिती असावी.

कोलशेतकर | 9 नोव्हेंबर, 18:30

शेवटचे कळवतो. सभेत 12 व्होल्टचे कोटेशन मंजूर झाले, दुसरे मागे पडले. ट्रान्सफॉर्मरवरचा मानकाचा क्रमांक मी बिल देण्यापूर्वी स्वतः वाचून घेणार आहे. मोटार रबाळ्याला रिवाइंडिंगला गेली आहे. शिडी आणि कठडे जोडण्याचे काम सुरू झाले आहे. नवा आरसीसीबी बसला असून त्याचे बटण दर महिन्याच्या एक तारखेला जीवरक्षकाने दाबायचे आणि पंप खरोखर थांबला हे पाहून वहीत सही करायची असे ठरले आहे. फायबर ग्लासचा दांडाही मागवला आहे.

त्या सभासद ताईंना मी घरी जाऊन सगळे आकडे दाखवले. त्यांनी कागद शांतपणे वाचला, चहा दिला आणि विचारले, "हे सगळे ठीक आहे, पण इतिवृत्तात मला भास झाला असे लिहिले आहे, ते कधी दुरुस्त करणार?" तो विषय पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत पहिल्या क्रमांकावर घेतला आहे.